चारशे पेट्या आणि कॉफीचा डबा

हॅलेट्सव्हिल, टेक्सास
२९ डिसेंबर १९८७

प्रिय व्लास्ता,

तुझं पार्सल नाताळच्या आदल्या दिवशी पोचलं. बदाम दोन पौंड, मला एप्रन, तुझ्या दादाला लोकरीचे मोजे, आणि बागेचा फोटो. तू तिकिटं लावलीस चार डॉलर दहा सेंटांची. पोस्टमास्तरांनी माझ्यासमोर वजन केलं, तीन डॉलरांत आलं असतं. वरच्या पैशांत इथे मैद्याची पिशवी येते. पुढच्या वेळी आधी वजन कर, मग तिकीट चिकटव. एप्रन फार सुरेख आहे. तो घालून मी मैदा मळणार नाही, चर्चच्या जेवणावळीला घालीन.

फोटोच्या मागे तू पेन्सिलीने बारीक अक्षरात लिहिलं आहेस, 'कदाचित हा शेवटचा.' मी वाचलं, मग तुझ्या दादाने, सिरिलने वाचलं. त्याने फोटो उताणा ठेवला आणि उठून कोंबड्यांना दाणे घालायला गेला. दाणे मी सकाळीच घातले होते.

गेल्या वर्षी तुमच्या बागेला काय झालं ते आम्ही विसरलेलो नाही. भाड्याने बोलावलेला मधमाश्यांचा ट्रक कॅलिफोर्नियाच्या सीमेवरून मागे फिरवला, पेट्यांखालच्या मातीत त्या चावऱ्या तांबड्या मुंग्या निघाल्या म्हणून. झाडं फुलली, फुलांवर माशी बसली नाही, आणि बदाम धरला नाही. आणि आता तुझा नवरा वॉरन म्हणतो की यंदाही मोहोर फुकट गेला तर यंत्र बोलावून झाडं उपटायची आणि जमीन कापूसवाल्याला द्यायची.

तर ऐक. यंदा भाड्याचा ट्रक नाही. आमच्या माश्या, आमचा ट्रक. चारशे पेट्या, निम्म्या तुमच्या बागेत, निम्म्या तुमच्या शेजाऱ्याच्या. हे मी काल सिरिलला सांगितलं. तो म्हणाला, "अल्बिना, मी आजवर लुइझियानाच्या पलीकडे गेलेलो नाही." मी म्हटलं, "रस्ता सगळीकडे जमिनीवरच असतो."

जेवणाच्या टेबलावर नकाशा पसरून ठेवला आहे, आठवडाभर आम्ही स्वयंपाकघरात उभ्याने जेवतो. न्यू मेक्सिको, ॲरिझोना, कॅलिफोर्निया, तिन्ही राज्यांना परवान्यांसाठी पत्रं गेली. पेट्या निरोगी असल्याचा दाखला द्यायला राज्याचा तपासनीस येणार आहे. मारियामातेच्या कृपेने सगळं होईल, पण अर्ज आपणच भरायचे असतात.

मला तीन गोष्टी कळव. कळ्या साधारण कधी फुटतात. बागेत एवढा ट्रक वळेल का. आणि पेट्या उतरवायला यंत्र आहे का.

तुझी वहिनी,
अल्बिना


वास्को, कॅलिफोर्निया
६ जानेवारी १९८८

प्रिय वहिनी,

तुझं पत्र वाचलं आणि मी स्वयंपाकघरात एकटीच पोल्का नाचले. मांजर घाबरून कपाटावर चढलं. तिकिटांचं ऐकलं हो, पुढच्या वेळी पार्सल तुझ्या नावाने आधी चर्चमध्ये तोलून घेईन.

तुझी उत्तरं: कळ्या फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात फुटतात, थंडी हटली तर आधीच. ट्रक वळेल. यंत्र शेजाऱ्याकडे आहे आणि तो स्वतः चालवतो.

आता वॉरनचं ऐक. पत्र वाचून दाखवलं तर म्हणतो, "सिरिलचा ट्रक? तो टेक्सासच्या बाहेर पडेपर्यंत आपले बदाम भाजून डब्यात भरून होतील." मी त्याला म्हटलं, तुझ्या त्या नव्या ट्रकवाल्याने गेल्या वर्षी काय उजेड पाडला? पण वहिनी, एक गोष्ट तो बरोबर बोलतो. माश्यांचा ट्रक दिवसा उभा करता येत नाही. चालत असला की वारा लागतो, माश्या पेटीत बसून राहतात. उन्हात थांबला की आतलं तापतं, त्या जाळीखाली बाहेर येतात, एकमेकींवर चढतात आणि गुदमरून मरतात. आणि कायदा म्हणतो की ड्रायव्हरने दहा तास गाडी चालवली की आठ तास विश्रांती घ्यायची. मग दादा झोपणार कधी आणि माश्या थांबणार कुठे?

वॉरन म्हणतो, यात काही अवघड नाही, सगळेच ड्रायव्हर तासांच्या दोन वह्या ठेवतात. एक पोलिसांना दाखवायची, एक खरी. दादाला तेवढं सांग. एकदाच तर करायचं आहे. वहिनी, मी देवासमोर कबूल करीन, पण ही झाडं उपटलेली मला बघवणार नाहीत. लग्नानंतरच्या पहिल्या हिवाळ्यात आम्ही दोघांनी लावलीत ती.

आणि एक लाड पुरव. आईच्या परसातलं ते तिखट मूळ, ईस्टरच्या हॅमबरोबर किसायची ते, नाकात झणझणणारं. इथल्या दुकानातलं नुसतं पांढरं आणि मुकं असतं. एक मूळ मातीसकट डब्यात घालून आण ना. इथे लावीन.

तुझी,
व्लास्ता


हॅलेट्सव्हिल
१३ जानेवारी

प्रिय व्लास्ता,

पत्र मिळालं, तिकीट या वेळी बरोबर होतं.

दोन वह्यांचं आधी सांगते. आमच्या घरात जमाखर्चाची वही एक, आणि ट्रकमध्ये तासांची वही एक. खोटी वही ठेवून मी रविवारी चर्चमध्ये मिस्सेला कोणत्या तोंडाने बसू? आणि पापाचं बाजूला ठेवलं तरी, न झोपलेला माणूस चारशे पेट्या घेऊन पेकोस नदीच्या घाटातून उतरतोय हे चित्र तू डोळ्यांसमोर आण. तुला झाडं हवीत, मला नवराही हवा आहे.

उपाय साधा आहे. ड्रायव्हर दोन. एक चालवतो, दुसरा मागच्या बिछान्यात झोपतो, दहा तासांनी बदली. ट्रक फक्त तेल भरायला थांबतो. हे पूर्ण कायद्यात बसतं, मी ऑस्टिनला सरकारी कचेरीत पत्र टाकून विचारून घेतलं. सकाळच्या गारव्यात इथून निघायचं, दिवसभर चालत राहायचं, म्हणजे कॅलिफोर्नियाच्या सीमेवर आम्ही दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता पोचतो. तपासणी थंडीत आटोपते आणि ऊन चढायच्या आत ट्रक पुन्हा चालू.

दुसरा ड्रायव्हर मिळाला आहे. पीत नाही, रोज जपमाळ म्हणतो, आणि पगार मागत नाही. फक्त जड गाडीची परीक्षा द्यायची राहिली आहे.

वजनाचंही बघितलं. आठ पेट्या चढवून गोदामाच्या काट्यावर नेल्या आणि हिशेब केला. मर्यादा ऐंशी हजार पौंडांची, आपण तिच्या खाली राहतो, पण मधाने जड झालेल्या पेट्या मागच्या चाकांवर एकत्र आल्या तर नाही राहत. म्हणून जड पेट्यांवर मी खडूने फुली मारली, त्या पुढे-मागे वाटून चढवायच्या.

आणि मुंग्या. पेट्या ज्या लाकडी पाटांवर ठेवतो ते सगळे पाट उलटे करून खरवडले आणि जोराच्या पाण्याने धुतले. पण धुतलेला पाट परत आपल्या जमिनीवर ठेवला की रात्रीत मुंग्या चढणार. इथे सिमेंट केलेली मोठी जागा एकच, चर्चच्या पिकनिकचा नाचायचा चौथरा. मी फादर हनाकांना विचारलं. ते म्हणाले, "माश्यांना पोल्का शिकवणार आहात का?" मी म्हटलं, "फादर, मेणबत्त्यांच्या सणाला आशीर्वाद द्यायला दरवर्षी मेण कुणाचं असतं?" दिला चौथरा. आता सगळ्या पेट्या तिथे आहेत. रविवारी ऑर्गनवाल्या बाईंना एक माशी चावली. गावात म्हणतात की त्या दिवशी पहिल्यांदा गाणं तालात झालं.

तिखट मुळाचं मात्र नाही. माती आली की मुंगी आली, आणि गेल्या वर्षी तेवढ्यावरूनच तुमचा मोहोर गेला. मूळ नाही म्हणजे नाही. राग मानू नकोस.

अल्बिना


वास्को
२० जानेवारी

प्रिय वहिनी,

पीत नाही, पगार घेत नाही, जपमाळ म्हणतो. वहिनी, हा एर्विन तर नव्हे? आपल्या अख्ख्या नात्यात फुकट काम करणारा तो एकच. पण तो स्वतःच्या लग्नात वेदीसमोर पेंगला होता, फादरांनी दोनदा विचारलं तेव्हा 'हो' म्हणाला! त्याच्या हाती चारशे पेट्या? वॉरनला नाव सांगितलं नाही, सांगितलं असतं तर त्याने आजच झाडं उपटणाऱ्या यंत्रवाल्याला फोन केला असता.

कळ्या फुगल्या आहेत. टोकाला गुलाबी दिसतं. रोज सकाळी बागेतून फिरून येते आणि त्यांना म्हणते, जरा दमानं घ्या.

मुळाचं राहू दे. एवढंसं मूळ, त्यात काय. तू नाही म्हटलंस, विषय संपला. दादाला वाढदिवसाचं वेगळं पत्र टाकलंय, ते त्यालाच उघडू दे. भावाबहिणीचं असतं काहीतरी.

व्लास्ता


हॅलेट्सव्हिल
३० जानेवारी

प्रिय व्लास्ता,

घाईत लिहिते. एर्विन नाही. आमच्या ड्रायव्हरने काल परीक्षा दिली आणि पास झाला. परीक्षकाने ट्रक दोन इमारतींच्या मधल्या बोळात मागे घ्यायला लावला. घेतला. तो उतरून म्हणाला, "हे कुठे शिकलात?" पंचवीस वर्षं सुगीत कापसाचा ट्रेलर जिनिंगच्या दारात मागे घेत आलेल्या माणसाला बोळाचं काय. ओळख तिथेच करून देईन.

परवाने तिन्ही आले, दाखला आला. कागद एका पाकिटात, पाकीट माझ्या पर्समध्ये. दोन तारखेला पहाटेच्या मिस्सेत मेणबत्त्यांना आशीर्वाद, मग फादर ट्रकवर पाणी शिंपडणार, आणि आम्ही सुटणार. खाण्याला खसखशीचे कोलाचे, म्हणजे आपले गोड पाव, उकडलेली अंडी, थर्मासभर कॉफी. वाटेत हॉटेलात पैसे टाकायचे नाहीत. तीन तारखेला दुपारी तुझ्याकडे.

सिरिल फार खुशीत आहे. दोन दिवस शीळ घालतो आहे. वाढदिवसाच्या पत्रात तू काय लिहिलंस कोण जाणे, पण त्याला ते मानवलं.

अल्बिना


वास्को
१५ फेब्रुवारी

प्रिय वहिनी,

तुम्ही आलात त्याला बारा दिवस झाले तरी माझ्या डोळ्यांसमोरून ते हलत नाही. धुक्यातून ट्रक आला, दार उघडलं, आणि सिरिलदादाची टोपी घातलेलं कुणीतरी मागे तोंड करून उतरलं. वॉरन म्हणाला, "ड्रायव्हर कुठाय?" आणि तू हातमोजे काढत म्हणालीस, "त्याच्याशीच बोलताय." शेजारी अजून सगळ्यांना तेच सांगत फिरतो. मला एका शब्दाने कळू दिलं नाहीस! कळलं असतं तर मी बॅंड बोलावला असता.

पण वहिनी, एवढं सगळं करून शेवटी उशीर झालाच. दुपारी येणार होतात, आलात अंधार पडल्यावर. उन्हाच्या बाजूच्या पेट्या उघडल्या तर तळाशी मेलेल्या माश्यांचा थर, हाताने उपसून काढला. त्यातल्या कितीतरी पेट्या अजून उठलेल्या नाहीत. कशामुळे थांबलात ते तुम्ही दोघांनी सांगितलं नाही. रात्री जेवायला बसलो तर मयताला आल्यासारखे. दादाने अंडी बिनमिठाची खाल्ली. माझ्याकडे बघेना. सकाळी उठून निघून गेलात.

वॉरन म्हणतो, तुझ्या वहिनीने सीमेवर प्रत्येक कागद तीन-तीनदा दाखवला असेल, नियम पाळता पाळता ऊन डोक्यावर आलं असेल. मी त्याच्याशी भांडले. पण खरं सांगू? मलाही तसंच वाटतं. दुसरे ट्रकवाले हात हलवून निघून जातात. तुझं सगळं चोख असतं, आणि चोखपणाला वेळ लागतो.

मोहोर आता पूर्ण फुलला आहे. बाग पांढरी झाली आहे, आणि ज्या माश्या आहेत त्या काम करताहेत, गुणगुण ऐकू येते. पण सकाळी धुकं असतं, ऊन येईपर्यंत त्या बाहेर पडत नाहीत. वॉरनने यंत्रवाल्याला मार्चची तारीख देऊन ठेवली आहे. पाकळ्या गळल्यावर फांदीवर काय उरतं ते बघून ठरवणार.

वाईट वाटून घेऊ नकोस. मनात आलं ते लिहिलं.

व्लास्ता


हॅलेट्सव्हिल
२२ फेब्रुवारी

प्रिय व्लास्ता,

हे पत्र तू एकटी असताना वाच. सिरिलने मला शब्द दिला होता की व्लास्ताला मी स्वतः लिहीन. तीन आठवडे होत आले, तो रोज पेन उघडतो आणि बंद करतो. म्हणून मी लिहिते, आणि त्याला सांगून लिहिते. वॉरनसमोर आम्ही बोललो नाही ते तुझ्यासाठी.

जाताना सगळं मनासारखं झालं. पहिले दहा तास मी चालवला. पश्चिम टेक्सासात आडवा वारा होता, ट्रक कुणी खांद्याने ढकलल्यासारखा हलत होता, पण मी जपमाळेच्या तालावर चाक धरलं आणि तो सरळ गेला. मग सिरिल. वजनकाट्यांवर कुठेही अडलं नाही, फुल्या मारलेल्या पेट्या जागच्या जागी होत्या. पहाटे पुन्हा मी बसले. सीमेवरच्या तपासणी नाक्यावर पोचलो तेव्हा नुकतं तांबडं फुटत होतं. अगदी ठरल्याप्रमाणे, व्लास्ता. मी मनात म्हटलं, माश्यांचे राखणदार संत अम्ब्रोसबाबा, मोठी मेणबत्ती लागू झाली तुम्हाला.

नाक्यावर माझ्याच वयाची एक बाई होती, चष्मा लावलेली, छातीवर नाव रेयेस. कागद बघायला तिला फार वेळ लागला नाही. मग विचारलं, "गाडीत माती, रोप, फळ, भाजी काही?"

मी म्हटलं, "माश्या आणि दोन माणसं."

तेवढ्यात मागच्या बिछान्यातून आवाज आला, "अल्बिना."

"काय?"

"एक डबा आहे."

"कसला डबा?"

"कॉफीचा."

"मग त्यात काय एवढं, कॉफी म्हण ना."

"कॉफी नाहीये त्यात."

मी मागे वळून बघितलं. पांघरूण हनुवटीपर्यंत ओढून तो पडला होता. वाढदिवसाच्या पत्रात तू काय मागितलं होतंस ते मला त्या क्षणी कळलं, आणि शीळ का वाजत होती तेही.

रेयेसबाईंनी डब्याचं झाकण उघडलं. वर तिखट मुळाची कोवळी पानं, खाली आईच्या परसातली काळी माती. आणि मातीतून मुंग्यांची रांग थेट बाईंच्या मनगटावर. तिने हात झटकला, डबा एका पिशवीत घालून तोंड बांधलं, आणि मला म्हणाली, "ट्रक बाजूला घ्या."

तिथे आम्ही तिसऱ्या प्रहरापर्यंत उभे होतो.

वाळवंटातलं ऊन तुला मी सांगायला नको. नऊ वाजता माश्या गुणगुणत होत्या. अकराला जाळी काळी पडली, इतक्या बाहेर आल्या होत्या. मी नाक्यावरचा पाण्याचा पाइप मागून घेतला आणि उन्हाकडच्या बाजूला पाणी मारत राहिले. एका हातात पाइप, दुसऱ्या हातात माळ. सिरिल जवळ येऊन म्हणाला, "मी गप्प राहिलो असतो तर एव्हाना आपण निम्म्या वाटेवर असतो."

मी म्हटलं, "तू डबाच घेतला नसतास तरी आपण तिथेच असतो. पण आता बोललास ते बरं केलंस. धर पाइप, माझा खांदा दुखतोय."

तो म्हणाला, "तिला फक्त आईची चव हवी होती गं."

आणि पाइप धरून उभा राहिला, व्लास्ता, तुझा साठीला आलेला भाऊ, आणि रडला. पाण्याच्या फवाऱ्यात कुणाला दिसलं नाही.

रेयेसबाईंनी एकेक पाट तपासला. ट्रकखाली उताणी झोपून, हातात विजेरी घेऊन. तिच्याबरोबर आणखी एक जण होता, त्याला दोन माश्या चावल्या, तरी काम सोडलं नाही. शेवटी ती बाहेर आली, केसांत कोळ्याचं जाळं, हातात काहीतरी लाल. ती म्हणाली, "मुंगी नाही. मातीचा कणही नाही. पण हे काय आहे? चार पाटांना चिकटलंय."

मी बघितलं. पिकनिकच्या नाचात उधळतात ते लाल कागदाचे तुकडे. मी म्हटलं, "बाई, या पेट्या चर्चच्या नाचायच्या चौथऱ्यावर ठेवल्या होत्या."

ती आधी माझ्याकडे बघत राहिली, मग इतकी हसली की चष्मा काढून पुसावा लागला. सही करताना म्हणाली, "तो डबा मला सापडला असता ना, तर मी हा ट्रक इथूनच परत पाठवला असता, एकही पाट न बघता. तुमच्या माणसाने स्वतः सांगितलं म्हणून मी खाली झोपले."

तर तुझ्या माश्या पोचल्या त्या यामुळे. काही मेल्या, त्याचं मलाही दुःख आहे. पण ट्रक पोचला. वॉरनला चोखपणाबद्दल काय सांगायचं ते तुझं तू ठरव. मी तुझ्यावर रागावलेली नाही. सिरिलवर मात्र चार दिवस होते, त्याला बिनसाखरेची कॉफी दिली.

आता ती फुलं काय देतात ते बघायचं. माझा भरवसा आहे. जाळीआड ज्या जिवंत होत्या त्या मी पाहिल्या आहेत, त्या बसून राहणाऱ्यांतल्या नव्हेत.

तुझी वहिनी,
अल्बिना


वास्को
२४ मार्च

प्रिय वहिनी,

तुझं पत्र कोठारात बसून वाचलं. मग महिनाभर उत्तर लिहायचं धाडस झालं नाही, कारण लिहायला काही तरी हातात हवं होतं.

पाकळ्या गळल्या. काल सकाळी यंत्रवाला ट्रेलरवर यंत्र घालून आला. वॉरन त्याला दारात थांबायला सांगून बागेत गेला, मी त्याच्या मागे गेले. त्याने पहिली फांदी वाकवली. मग दुसऱ्या झाडाची. मग ओळीच्या पार टोकापर्यंत गेला. मी ओळीच्या तोंडाशीच उभी राहिले, पुढे जाववेना. परत आला तेव्हा हातात एक डहाळी होती. यंत्रवाल्याला त्याने पेट्रोलचे पैसे दिले आणि म्हणाला, "तुला उगाच हेलपाटा पडला." तो म्हणाला, "असा हेलपाटा पडलेला बरा असतो."

तीच डहाळी बुटांच्या खोक्यात ओल्या कापडात गुंडाळून पाठवतेय. मोजू नकोस, मी मोजलंय. उन्हाकडच्या पेट्यांजवळ धर जरा विरळ आहे, पण आहे.

रात्री मी वॉरनला डब्याचं सगळं सांगितलं. मी मागितला, दादाने आणला, वहिनीने माझ्यासाठी झाकून नेलं. त्याने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "पुढच्या वर्षी तुझ्या वहिनीलाच बोलाव. पण निघताना ट्रकमधले डबे तिलाच मोजू दे."

दादाला म्हणावं, मिठाची अंडी खायला ये. पेट्या संत्र्यांच्या मोहोरावर हलवल्या आहेत, मे महिन्यात न्यायला याल तेव्हा खाऊ घालीन. वहिनी, मी चुकले. दोन्ही वेळा.

व्लास्ता


हॅलेट्सव्हिल
५ एप्रिल

प्रिय व्लास्ता,

खोकं शनिवारी, ईस्टरच्या आदल्या दिवशी आलं. डहाळी एक, हिरवे लवदार बदाम तिच्यावर, कापड ओलं ते ओलंच. तिकिटं दोन डॉलर साठ सेंट, बरोबर तेवढीच. शिकलीस. ईस्टरपासून पत्राचं तिकीट पंचवीस सेंट झालं, तीन सेंट एकदम वाढवले, म्हणून सगळं एकाच पत्रात लिहिते.

डहाळी मी मारियामातेपुढे ठेवली. फादर हनाक जेवायला आले होते, त्यांनी बघितली आणि म्हणाले, "म्हणजे पोल्का शिकल्या म्हणायच्या." सिरिलने ती हातात घेतली आणि परत ठेवली नाही. जेवणभर डाव्या हातात धरून उजव्या हाताने हॅम खात होता. मग तेच पेन उघडलं आणि तुला पत्र लिहिलं. तेही याच पाकिटात आहे, चार ओळींचं आहे, पण त्याच्यासाठी ते लांबलचक आहे.

पुढच्या वर्षी आम्ही येणार. ट्रक तोच, ड्रायव्हर तेच दोघे. न्यू मेक्सिकोचा परवाना वर्षभराचा घेतला तर स्वस्त पडतो, असं परवा कळलं.

आता दुसरं पार्सल बघ. मी रेयेसबाईंना कार्ड टाकलं होतं, तो डबेवाला ट्रक आमचा म्हणून. विचारलं, मूळ धुऊन, सोलून, किसून, व्हिनेगर घालून बाटलीत बंद केलं तर तुमच्या राज्यात चालतं का. उत्तर आलं: चालतं, आणि चर्चच्या नाचाला मलाही बोलवा.

तर बाटली एक, आईच्या परसातलं मूळ, मी खणलं आणि सिरिलने किसलं. डोळ्यांतून पाणी गळत होतं, आणि या वेळी ते सगळ्यांना दिसलं. झाकणावर मेण लावलं आहे, आपल्याच माश्यांचं. टपालखर्च एक डॉलर नव्वद सेंट, आणि आधी तोलून.

मोजमाप आईच्या हाताचं होतं, माझं अंदाजाचं आहे. हॅमबरोबर खाऊन बघ आणि नाकात तसंच झणझणतं का, की व्हिनेगर जास्त पडलं, ते उलट टपाली कळव. परसात अजून दोन मुळं आहेत आणि सिरिल किसणी धुऊन बसला आहे.

तुझी,
अल्बिना